राडारोडा कशात भरायचा?

शनिवार, १५ मार्च २०२५, हॅरो

आमच्या रोमानियन बिल्डरने आज सगळं घर फिरून पाहिलं आणि निघताना दारातच विचारलं, स्किप आठ यार्डांचा मागवू की बारा? मी म्हटलं, दोन-तीन दिवस द्या, घरातून काय काय निघणार त्याची यादी करते, मग सांगते. त्याला घाई होती. पण पेटारा आधी ठरवायचा आणि त्यात काय जाणार ते मागाहून बघायचं, हे मला पटत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी आणि नवरा वही घेऊन बसलो. घर १९३०च्या दशकातलं, मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या बाजूने वसलेल्या वस्तीतलं. एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. मागच्या खोलीतलं धुराडं तळापासून वरच्या खोलीपर्यंत काढायचंय. अंगणातला काँक्रीटचा कोबा फोडायचाय. स्वयंपाकघरातली कपाटं, आधीच्या मालकाने घातलेलं जिप्सम बोर्डाचं पार्टिशन आणि छत, वरच्या खोलीतल्या लाकडी फळ्या, गराजचं छप्पर, आणि शेवटी नव्या खोलीच्या पायातून निघणारी माती. लिहिता लिहिता दिसलं की या यादीतल्या सगळ्या ओळी एका पेटाऱ्यात सुखाने नांदणाऱ्या नाहीत.

मंगळवार, १८ मार्च

ज्यांनी स्किप पाहिला नाही त्यांच्यासाठी: तो लोखंडाचा, दोन्ही टोकांना तिरपा, वरून उघडा मोठा पेटारा. लॉरी तो साखळ्यांनी उचलून दारात ठेवते आणि भरला की उचलून नेते. माप घनयार्डांत. दोन यार्डांपासून सोळा यार्डांपर्यंत मिळतो, त्याच्यापुढे मोठ्या बांधकामांसाठीचे वीस ते चाळीस यार्डांचे, गाडीवर ओढून घ्यायचे डबे. एक घनयार्ड म्हणजे साधारण पाऊण घनमीटर. पण मला यार्डही पटकन डोळ्यांपुढे येत नाही आणि घनमीटरही नाही. मी पुण्याची, माझ्या डोक्यात बांधकामाचं माप ब्रास. शंभर घनफुटांचा एक ब्रास. त्या हिशेबाने आठ यार्डांचा स्किप दोन ब्रासच्या थोडा वर जातो. वाळूचा दोन ब्रासचा ट्रक सोसायटीच्या फाटकाशी रिता होताना लहानपणी पाहिलाय, तेवढा ढीग. आता कळलं.

आता वजन. विटांचा चुरा आणि काँक्रीटचे तुकडे पोकळ पडले तरी एका घनमीटरला सव्वा टनाच्या आसपास जातात. आठ यार्ड म्हणजे सहा घनमीटर, म्हणजे साडेसात-आठ टन. बारा यार्डांचा तोच मालाने काठोकाठ भरला तर अकरा-बारा टन. स्किप उचलणारी नेहमीची लॉरी दोन आसांची असते. भरलेल्या गाडीचं एकूण वजन कायद्याने १८ टनांच्या पुढे जाता कामा नये, आणि त्यातलं जवळजवळ निम्मं वजन गाडीचं आणि तिच्या उचलयंत्राचंच. म्हणून विटा, माती, काँक्रीट अशा जड मालासाठी आठ यार्डांच्या वरचा स्किप बहुतेक कंपन्या देतच नाहीत. बारा आणि सोळा यार्डांचे स्किप कपाटं, दारं, पॅकिंग अशा हलक्या पण जागा खाणाऱ्या मालासाठी.

बिल्डरला वाटलं होतं तसा एक बारा यार्डांचा आणून त्यात सगळं कोंबलं असतं, तर तो काठापर्यंत भरायच्या आतच थांबावं लागलं असतं, नाहीतर लॉरीवाला हात वर करून निघून गेला असता. जड मालाला लहान आणि हलक्याला मोठा, हे ऐकायला उलटं वाटतं. पण एकदा वजन मनात धरलं की दुसरं काही सुचत नाही.

धुराड्याचं माप टेपने घेतलं. रुंदी १.४ मीटर, खोली ४० सेंटिमीटर, दोन मजल्यांची मिळून उंची ४.८. मधली पोकळी वजा केली तर दोन घनमीटर भरीव वीटकाम. फोडलं की ते दीडपट फुगतं, म्हणजे तीन. कोबा फुटल्यावर दोनाच्या आत. मिळून पाच. आठ यार्डांचा सहा घनमीटरांचा. पहिला स्किप ठरला, आणि त्यात फक्त वीट, दगड, काँक्रीट.

रविवार, २३ मार्च

गराजच्या छपराकडे आज नीट पाहिलं. राखाडी, लाटालाटांचा पत्रा, कडेला शेवाळ, एका कोपऱ्यात तडा. तड्याच्या तोंडाशी केसाहून बारीक पांढुरके धागे बाहेर आलेले दिसत होते. मी शिडीवरून तशीच खाली उतरले.

हा पत्रा मी जन्मापासून ओळखते. साताऱ्याकडे आमच्या आजोळी पडवीवर हाच होता. पावसात त्याचा आवाज ऐकत आम्ही झोपायचो. एखादा पत्रा फुटला की मामा तुकडे अंगणाच्या कडेला लावून टाकायचा आणि आम्ही त्यावर लंगडी खेळायचो. ॲस्बेस्टॉस हे नावही तेव्हा घरात कुणी घेत नसे, सिमेंटचा पत्रा एवढंच. तो भारतात अजूनही दुकानात मिळतो आणि अजूनही लावला जातो. ब्रिटनने निळा आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस १९८५मध्ये बंद केला, पांढरा १९९९मध्ये. म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही घरात तो असू शकतो. पत्र्यात, जुन्या पाइपात, फरशीखालच्या काळ्या चिकट थरात, छताच्या खरखरीत नक्षीदार लेपातसुद्धा.

पत्र्यात धागे सिमेंटने बांधलेले असतात, म्हणून तो जागेवर शाबूत असेपर्यंत धोका कमी. फोडला, कापला, घासला की धागे हवेत जातात. फुप्फुसात गेलेला धागा तिथेच राहतो आणि रोग वीस-तीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा उघड होतो. आजोळचे सगळे चेहरे आज दिवसभर डोळ्यांसमोर आहेत.

नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवायचं ठरलं. जागा पाण्याने भिजवून, चांगला मास्क लावून, नखाएवढा तुकडा दोन पिशव्यांत बंद करून. बिल्डरला सांगितलं, निकाल येईपर्यंत गराजला हात नाही. मिश्र स्किपमध्ये असा एक पत्रा फोडून टाकला तर सगळा स्किपच घातक कचऱ्यात मोजला जातो, आणि पुढे तो माल हाताने निवडणाऱ्या माणसाच्या श्वासात ते धागे जातात. मला यातल्या दुसऱ्या गोष्टीचीच जास्त काळजी आहे.

रविवार, ३० मार्च

गुढीपाडवा. आजच घड्याळं एक तास पुढे गेली, त्यामुळे गुढी उभारायला नेहमीपेक्षा उशीर झाला. कडुलिंब मिळाला. पत्र्याचा निकालही आला: पांढरा ॲस्बेस्टॉस. अपेक्षितच होतं. ते छप्पर वेगळे लोक येऊन, ओलं करून, न फोडता अख्खं उतरवतील आणि गुंडाळून नेतील. स्किपच्या हिशेबातून गराज बाहेर.

मंगळवार, १ एप्रिल

आजपासून इंग्लंडमधला लँडफिल कर वाढला. जमिनीत पुरायच्या कचऱ्याला एका टनामागे १२६ पौंड १५ पेन्स, कालपर्यंत १०३ पौंड ७० होते. वीट, काँक्रीट, स्वच्छ माती अशा न कुजणाऱ्या, कशाशीही अभिक्रिया न करणाऱ्या मालाला मात्र ४ पौंड ५ पेन्स. हा कर १९९६च्या ऑक्टोबरात सुरू झाला तेव्हा दर ७ पौंड आणि २ पौंड होते.

मी हे आकडे नवऱ्याला वाचून दाखवले, कारण स्किपच्या किमतीचं सगळं मर्म इथे आहे. सहा-सात टन विटा स्वच्छ असतील तर त्या पुरण्याचा कर तीस पौंडांच्या आत राहतो. बहुधा त्या पुरल्याही जात नाहीत, भरडून रस्त्याखाली जातात. त्याच विटांत कपाटाचे तुकडे, प्लास्टिक, गालिचा मिसळला आणि निवडणं परवडेना म्हणून सगळं पुरायची वेळ आली, तर हिशेब आठशे पौंडांच्या वर जातो. कंपनी तो सोसत नाही, तो आपल्या बिलात येतो. बिलाचं सोडा. भरडून पुन्हा वापरात येण्याजोगी वीट केवळ आपण तिच्यावर जुना गालिचा टाकला म्हणून खड्ड्यात जावी, हे मनाला लागतं.

ब्रिटनमधल्या एकूण कचऱ्यातला निम्म्याहून जास्त कचरा बांधकाम, पाडकाम आणि खोदाईतून येतो. आपण घरात दुधाच्या बाटलीचं झाकण कुठल्या डब्यात टाकायचं यावर मुलाला चार वाक्यं ऐकवतो आणि टनांनी निघणाऱ्या मालाचा निर्णय फोनवर एका मिनिटात करून टाकतो.

शनिवार, ५ एप्रिल

स्किप कुठे ठेवायचा? रस्त्यावर ठेवायचा तर १९८०च्या हायवेज ॲक्टप्रमाणे कौन्सिलची परवानगी लागते, रात्री दिवे लावावे लागतात आणि मालकाचं नाव आणि पत्ता किंवा फोन त्यावर रंगवलेला असावा लागतो. परवान्याचे पैसे वेगळे, आणि दिवस संपले की पुन्हा भरायचे. आमच्या दारापुढे गाडी लावायची फरसबंद जागा आहे, तिथेच ठेवायचं ठरवलं. तिथे परवानगी लागत नाही.

पण जागा नुसती लांब-रुंद असून चालत नाही. आठ यार्डांचा स्किप साधारण बारा फूट लांब, सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. लॉरी अडीच मीटर रुंद, आणि उतरवताना ती त्याच्या डोक्याशी उभी राहते. तिचे बाहू वर जातात तेव्हा टेलिफोनची तार आणि झाडाची फांदी आड येता कामा नये. आमच्याकडे तिसरीच गोष्ट होती: फरशीच्या मधोमध सांडपाण्याच्या लाइनीचं झाकण. खाली नव्वद वर्षांचे भाजलेल्या मातीचे पाइप. आठ टन त्यावर बसले तर पाइपाचा चुरा. नवऱ्याने खडूने झाकणाभोवती मोठी चौकट आखली आणि तिच्या बाहेर जाड फळ्या अंथरल्या. लॉरीवाल्याला दाखवायला फोटोही काढून ठेवला.

शेजारच्या बांना सांगून आले. त्या केनियातून आलेल्या, आता एकट्याच असतात, धुराडं सामाईक भिंतीतलं असल्याने त्यांची लेखी संमती आम्ही आधीच घेतली होती. १९९६च्या पार्टी वॉल कायद्याने शेजाऱ्यांना आधी लेखी नोटीस द्यावीच लागते. आज मी फक्त धुळीचं सांगायला गेले होते. बा गुजरातीत म्हणाल्या, "माटी निकळे तो मने आपजे, बेटा." त्यांना मेथीच्या वाफ्याला माती हवी आहे.

शनिवार, १२ एप्रिल

स्किप सकाळी आठच्या आत आला. समोरून खाली पडणारं दार असलेला मागितला होता, म्हणजे एकचाकी गाडी सरळ आत ढकलता येते आणि चार फुटांच्या काठावरून काँक्रीटचा प्रत्येक तुकडा उचलून टाकावा लागत नाही. माणसांच्या कंबरा वाचतात. ज्यांना जड माल भरायचाय त्यांनी हे दार असलेलाच मागावा.

गवंड्याने कोबा फोडून मोठ्या सपाट लाद्या आधी तळाशी पसरल्या, मधल्या फटींत विटांचा चुरा. नुसतं वरून टाकत गेलं की पोकळ्या राहतात आणि निम्मा स्किप हवा वाहून नेतो. आतल्या बाजूला काठाच्या खाली एक रेघ होती. तिच्यावर माल गेला तर लॉरी नेत नाही, कारण रस्त्यावर उडालेला एक विटेचा तुकडा मागच्या गाडीच्या काचेतून आत जाऊ शकतो.

सोमवार, १४ एप्रिल

धुराडं वरून खाली उतरवायला सुरुवात. वरच्या खोलीत काजळीचा असा थर की हात कोपरापर्यंत काळे. दुपारी मी एक वीट घेऊन नळाखाली धुतली. गुलाबीसर, दोन्ही टोकांना फिकट पट्टे, आणि मधल्या खोलगट भागात उठावदार अक्षरं: एलबीसी, खाली फोरप्रेस. लंडन ब्रिक कंपनी. विटेवर चार वेळा दाब देऊन ती काढत, त्यावरून हे नाव. बेडफर्डशायरमधलं स्टुअर्टबी हे या कंपनीचं गाव. एके काळी तिथला वीटकारखाना जगातला सर्वांत मोठा मानला जायचा. युद्धानंतर भट्ट्यांवर माणसं पुरेनात तेव्हा कंपनीने दक्षिण इटलीतून कामगार आणले, म्हणून बेडफर्डमध्ये आजही इटालियन वस्ती मोठी आहे. कारखाना २००८मध्ये बंद पडला.

त्या मातीत नैसर्गिक तेलकट अंश इतका होता की वीट बरीचशी स्वतःच्याच जळणावर भाजली जायची. म्हणून ती स्वस्त, आणि म्हणून १९३०च्या दशकात लंडनभोवती लाखो घरं उभी राहू शकली. माती काढून जे प्रचंड खड्डे उरले त्यांतले काही पुढे लंडनचा कचरा पुरायला वापरले गेले. घर ज्या खड्ड्यातून आलं त्याच खड्ड्याकडे घरातला कचरा जात राहिला. ही वीट हातात धरून मी बराच वेळ उभी होते.

पुन्हा वापरता येतील का, असं गवंड्याला विचारलं. त्याने करणीचा घाव घालून दाखवला: चुन्याचा अंश असलेला जुना माल, सांध्यातून सहज सुटतो, वीट शाबूत निघते. पण धुराड्याच्या आतल्या बाजूच्या विटांनी नव्वद वर्षं काजळी पिऊन ठेवलीय. त्या घराच्या भिंतीत लावल्या तर डाग प्लास्टरमधून बाहेर येतो, कितीही रंग मारा. त्या स्किपमध्ये. बाहेरच्या बाजूच्या स्वच्छ विटा अंगणाच्या कडेला रचून ठेवल्या, वाफ्यांना बांध घालायला. स्किपमधली जागाही वाचली.

शनिवार, १९ एप्रिल

ईस्टरची सुट्टी, काम बंद. सकाळी पडदा सारला तर विटांच्या ढिगावर एक दुहेरी गादी, पावसाने चिंब.

रात्री कुणीतरी टाकून गेलं. इथे हे नवीन नाही, उघडा स्किप दिसला की लोकांना आपल्या घरातली अडगळ आठवते. पण गादीसाठी कंपन्या वेगळे पैसे लावतात, आणि स्वच्छ विटांचा स्किप गादीमुळे मिश्र ठरला तर १ एप्रिलला लिहिलेला सगळा हिशेब फिरतो. नवरा आणि मुलगा दोघांनी मिळून ती ओढून गराजमागे टेकवली, उन्हात वाळवून कौन्सिलच्या केंद्रावर नेऊ. आजपासून रात्री प्लायवूडचे तक्ते आणि वरून ताडपत्री. ताडपत्रीचा दुसराही उपयोग, पाऊस शोषलेला माल जड होतो.

त्या गादीवाल्यावर मी रागावलेच नाही असं नाही, पण ती निदान स्किपमध्ये आली. इंग्लंडमधल्या कौन्सिलांना २०२३-२४ या वर्षात उघड्यावर टाकलेल्या कचऱ्याची साडेअकरा लाख प्रकरणं निस्तरावी लागली. गल्लीच्या तोंडाशी, शेताच्या फाटकात, रेल्वेच्या पुलाखाली. त्यातला बराचसा माल कुणीतरी स्वस्तात नेतो म्हणून दिलेला असतो.

बुधवार, २३ एप्रिल

पहिला स्किप गेला. जायच्या आधी कंपनीचा नोंदणी क्रमांक एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या यादीत पुन्हा एकदा तपासला. कचरा वाहून नेणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्या यादीत असावं लागतं, आणि ती कुणालाही फुकट बघता येते. घरमालकालाही कायद्याने जबाबदारी आहे: माल अधिकृत माणसाकडेच दिला याची खात्री करून घ्यायची. नाही घेतली आणि तो माल कुठल्या ओढ्याकाठी सापडला, तर कौन्सिल घरमालकाला ६०० पौंडांपर्यंत दंड लावू शकते. पावती आणि लॉरीचा फोटो फाइलला लावला.

लॉरीवाल्याला विचारलं, हे कुठे जाणार? त्याने यार्डाचं नाव सांगितलं आणि म्हणाला, स्वच्छ माल आहे, सरळ भरडायला. त्याच्या आवाजात कौतुक होतं. एवढ्याने मला दिवसभर बरं वाटलं.

रविवार, २७ एप्रिल

पुण्याहून दिराचा फोन. कोथरूडच्या फ्लॅटमधल्या जुन्या फरश्या आणि बाथरूमच्या टाइल्स काढायचं काम काढलंय. मी विचारलं, भाऊजी, राडारोड्याचं काय? म्हणाले, "वहिनी, तो कॉन्ट्रॅक्टर बघतो. गोण्यांत भरून रात्री टेम्पो येतो." कुठे जातो टेम्पो? "ते काही विचारलं नाही."

मुठेच्या काठाने फिरायला जाणाऱ्या कुणालाही टेम्पो कुठे जातो ते विचारायची गरज नाही. पात्राच्या कडेला टाइल्सचे तुकडे, फुटके कमोड, सिमेंटची ढेकळं दिसतात. नदीचं पात्र असं इंचाइंचाने भरत येतं आणि पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की ते सिंहगड रस्त्याच्या घरांत शिरतं.

केंद्राने २०१६मध्ये नियम केले. एका दिवसात २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन राडारोडा काढणाऱ्याने तो चार ढिगांत वेगळा करायचा: काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक, आणि विटा व मसाला. विचार चांगलाच आहे. पण एका फ्लॅटच्या फरश्या या आकड्यांच्या जवळपासही जात नाहीत, आणि शहरात फ्लॅट किती दुरुस्त होतात! वाघोलीला महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे. भाऊजींना म्हटलं, कॉन्ट्रॅक्टरला पैसे देण्याआधी एवढंच सांगा की माल तिथे किंवा महापालिकेच्या जमा केंद्रावर गेल्याची पावती आण, मग शेवटचा हप्ता देतो. टाइल्सच्या गोण्यांत जेवणाचे डबे आणि थर्माकोल टाकू देऊ नका. ते म्हणाले, विचारतो. विचारतील, ते शब्दाचे पक्के आहेत.

शनिवार, ३ मे

दुसरा स्किप बारा यार्डांचा. आता हलका माल: कपाटं, वरवंटा चालवल्यासारखी चपटी केलेली खोकी, गंजका पडदा-दांडा, कुजलेल्या फळ्या. कपाटं अख्खी टाकायची नाहीत, स्क्रू काढून फळ्या सुट्या करायच्या. मुलाने दोन दुपारी याच कामात घालवल्या आणि बिजागऱ्या, हँडल, तोटी असं धातूचं वेगळं भांडं भरलं.

चांगल्या फळ्या स्किपमध्ये गेल्याच नाहीत. फुकट नेता येतील अशी ऑनलाइन जाहिरात टाकली, संध्याकाळपर्यंत एक तरुण जोडपं येऊन घेऊन गेलं. नव्वद वर्षं वाळलेलं पाइनचं लाकूड आता वखारीत मिळत नाही.

जिप्सम बोर्ड मात्र या स्किपमध्येही नाही. त्याच्या मोठ्या पिशव्या वेगळ्या, कोरड्या, ताडपत्रीखाली. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. तो ओला होऊन कुजणाऱ्या कचऱ्यासोबत पुरला गेला की हवा नसलेल्या थरातले जिवाणू त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याचा वास, आणि जास्त झाला तर जीवघेणा. म्हणून २००९पासून इथे तो कुजणाऱ्या कचऱ्यासोबत पुरता येत नाही. वेगळा दिला तर कागद सोलून, दळून, त्याचाच नवा बोर्ड होतो. किती वेळा तरी.

जुना सोफाही बाहेरच राहिला. त्याच्या फोममध्ये आग लवकर पकडू नये म्हणून घातलेली रसायनं असू शकतात, ज्यांचं निसर्गात विघटन होत नाही. २०२३च्या सुरुवातीपासून अशा गाद्या-गिरद्यांच्या बैठका पुरायच्या नाहीत, इतर मालात मिसळायच्या नाहीत, जाळायच्याच. कंपनीला तसं सांगून वेगळं नेण्याचे पैसे भरले. रंगाचे डबे, ट्यूबलाइट, जुना फ्रिज, बॅटऱ्या यांचंही तेच, स्किपमध्ये जागा नाही.

मंगळवार, ६ मे

समोरच्या घरातली बाई विचारायला आली. त्यांना फक्त न्हाणीघर बदलायचंय, कितीचा स्किप घेऊ? तिला म्हटलं, टब, बेसिन आणि थोड्या टाइल्स असतील तर चार यार्ड पुरे होतील, आणि सवडीने काम करणार असाल तर कदाचित तोही नको. २०२३च्या अखेरीपासून इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या केंद्रांवर घरच्या दुरुस्तीचा थोडा माल फुकट घेतात, एका खेपेला पन्नास लिटरच्या दोन पिशव्या, चार आठवड्यांत चार वेळा. तिच्याकडे मोठी गाडी आहे. दारात स्किप उभा करायची हौस नसेल तर मोठी मजबूत पिशवी मिळते, ती भरून ठेवायची आणि क्रेनची गाडी येऊन उचलते. पण ती भिंतीपलीकडे ठेवली तर बाहू पोहोचत नाही, आणि विटांनी भरली तर उचलली जात नाही. तिच्या दारापुढे जागा नाही आणि रस्त्यावर परवाना असेल तरच गाडी लावता येते, म्हणून तिसराही मार्ग सांगितला: लॉरी रिकामा स्किप घेऊन येते, तुम्ही भरेपर्यंत थांबते, घेऊन जाते. माल आधीच दाराशी रचून ठेवलेला हवा.

शुक्रवार, ९ मे

पायाची खोदाई सुरू. हॅरोखाली लंडन क्ले, निळसर-तपकिरी, ओली असताना फावड्याला लोण्यासारखी चिकटणारी. सहाएक घनमीटर चर, म्हणजे वर आल्यावर तीस टक्के फुगून आठ घनमीटर आणि वजन दहा टनांच्या पुढे. यासाठी दोन स्किप लागले असते, आणि चिकट माती स्किपमधून नीट रितीही होत नाही. बिल्डरने ग्रॅब लॉरी सुचवली आणि या वेळी मी लगेच हो म्हटलं. चार आसांची गाडी, वर पंजा, बागेच्या भिंतीवरून हात आत घालून ढीग उचलते, एका खेपेला सोळा टनांच्या आसपास नेते. ढीग फक्त रस्त्यापासून तिच्या हाताच्या अंतरात हवा.

वरची काळी, गांडुळांनी भरलेली वीतभर माती आधीच बाजूला काढून घेतली होती. ती बांच्या बागेत गेली, आमच्या काजळी न लागलेल्या विटांच्या बांधासकट. खालची चिकणमाती जुन्या खाणी आणि लँडफिल झाकायला जाते.

लॉरी गुरुवारी सकाळी साडेसातला येणार आहे. बुधवारी रात्रीच आमची आणि बांची गाडी पुढच्या गल्लीत लावायची, आणि फाटकापुढे कुणी गाडी लावू नये म्हणून सुतळी बांधून ठेवायची.